नानांची खोली आणि तापलेल्या रात्री

पत्र इंदूरहून आलं आहे, पन्नाशीतल्या एका ताईंचं. ओळख पटेल असे तपशील बदलून थोडक्यात देते. जुन्या मराठी वस्तीत दुमजली घर. वरच्या एकाच खोलीत सासरे राहतात, वय ८४, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. हयात कापड गिरणीत हिशेबनीस म्हणून गेली. खोलीवर थेट स्लॅब, पश्चिमेला खिडकी. गेल्या मे महिन्यात रात्री उठताना ते दोनदा घेरी येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणी कमी पडतंय, खोली थंड ठेवा. ताईंच्या नवऱ्याने दीड टनाच्या एसीची किंमतही विचारून ठेवली. पण नाना ऐकत नाहीत. "इंदूरला एसी? उद्या महूला बर्फ पाडाल!" आणि पर्यावरणशास्त्र शिकणारी, एकवीस वर्षांची लेक म्हणते, "तुमचा हा एसी माझ्या पिढीच्या जिवावर चालणार." तिची खोली खालच्या मजल्यावर, उत्तरेला आहे. ताई लिहितात, "एसी लावला तर लेकीच्या नजरेतून उतरते. नाही लावला आणि नानांचं काही बरंवाईट झालं तर? खरं सांगू, मला तर वाटतं, आपण एकट्यांनी एसी न लावून जगाचं काय भलं होणार? मी काय करू?"

ताई,

पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गंमत लक्षात आली. एसीला विरोध करणारे तुमच्या घरात दोघं आहेत, आणि त्या दोघांचं एकमेकांशीच पटत नाही. नाना म्हणतात, मालव्यात रात्र थंडच असते, एसी हवाय कशाला. लेक म्हणते, पृथ्वी तापतेय म्हणून एसी नको. नानांचं खरं मानलं तर लेक उगाच काळजी करतेय. लेकीचं खरं मानलं तर नानांची ती थंड रात्र उरलेलीच नाही. एका पंगतीला बसलेत, पण एक वाढा म्हणतोय आणि दुसरी ताट पुढे सारतेय. तुम्ही मात्र दोघांची मिळून एक भिंत समजून तिच्यावर डोकं आपटताय.

म्हणून पहिलं काम साधं आहे. दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर आणा आणि नानांच्या खोलीत टांगा. रात्री अकराला आणि पहाटे तीनला आकडा वहीत लिहायचा, दहा दिवस. वही नानांकडेच द्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासलेला माणूस आहे. सुनेचं ऐकणार नाही, पण स्वतःच्या अक्षरातल्या आकड्याशी भांडणार नाही.

आता नानांविषयी. त्यांना हट्टी म्हणून बाजूला सारू नका, कारण ते खोटं बोलत नाहीत. मीही इंदूरचीच. आमच्या रामबागेतल्या घरी दिवेलागणीला गच्चीवर पाणी मारायचं, सिमेंटमधून वाफ आणि वास यायचा, मग गाद्या पसरायच्या. रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी कुरकुरत उठायचं आणि पायथ्याची गोधडी अंगावर ओढायचं. मे महिन्यात, बरं का. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि मालव्याची रात्र, शब-ए-मालवा, असं लोक उगाच म्हणत नव्हते.

या थंडीला कारण होतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. उन्हाळ्यात हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर, आभाळाकडे सोडून देते. कोरडी हवा तिला फारसं अडवत नाही, म्हणून पहाटेपर्यंत जमीन निवते. ढगाळ रात्री उकडतं ते याच्या उलट, वरून पांघरूण असतं म्हणून.

कार्बन डायऑक्साइड हे असंच एक पांघरूण आहे, फक्त न दिसणारं आणि सकाळी घडी घालून ठेवता न येणारं. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की तो हवेत जातो आणि बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो. लेकीला ठाऊक असेल, नसेल तर तिला सांगा: युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या होत्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली, आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. पुढच्या काही वर्षांत जॉन टिंडल यांनी हा वायू उष्णतेचे किरण कसे अडवतो ते मोजून दाखवलं. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू २८० च्या आसपास होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५. आज ४२० च्या वर. म्हणजे नाना शाळकरी होते तेव्हापासून आतापर्यंत पांघरुणात शंभराहून जास्त भागांची भर पडली. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, कारखान्यांच्या आधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने गरम. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो साऱ्या पृथ्वीचा, बारा महिन्यांचा, समुद्रासकट काढलेला सरासरी आकडा आहे.

नुसत्या पांघरुणाला दोष देऊन चालणार नाही. तुमची रात्र तापण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते अगदी डोक्यावर आहे: स्लॅब. सिमेंट काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री हळूहळू खोलीत ओतत बसतं. त्यात भोवताली डांबर, काँक्रीटचे रस्ते, तोडलेली झाडं, बुजवलेल्या विहिरी, आणि शेजाऱ्यांच्या एसींची बाहेर फेकलेली गरम हवा. मोठ्या शहरांच्या रात्री आसपासच्या शेतांपेक्षा गरम राहतात त्या यामुळे. नानांच्या लहानपणी इंदुरात कौलारू घरं होती, माळवदं होती, जाड भिंती होत्या. पंखा लावून तुम्ही काय करता? स्लॅबखाली साठलेली गरम हवा खाली पलंगावर ओतता. पंखाच भट्टीचं काम करतो.

ही दोन कारणं मी मुद्दाम वेगळी काढली. वरचं पांघरूण तुम्ही एकट्या पातळ करू शकत नाही. डोक्यावरचा स्लॅब मात्र एका रविवारी सुधारता येतो. आपल्याकडे हल्ली काहीही बिघडलं की "क्लायमेट चेंज, दुसरं काय" म्हणून हात झटकायची सवय लागली आहे. हवामान बदल खरा आहे, पण त्याच्या आडून कंत्राटदार, नगररचना आणि आपण स्वतः, सगळेच निसटतो.

(पांघरुणाचा परिणाम शुद्ध स्वरूपात बघायचा तर शहराबाहेर, गव्हाच्या शेतात बघा. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. दाणा भरायच्या ऐन दिवसांत ऊन चढलं, गहू लवकर पिकला, अनेक ठिकाणी दाणा बारीक राहिला. त्या मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. वर्षाचे गहू भरताना तुमच्याकडेही कुणी कुरकुरलं असेल. तिथे काँक्रीट नव्हतं.)

हवामान खात्याच्या भाषेत 'उष्ण रात्र' अशी वेगळी नोंदच असते: दिवसाचं तापमान चाळीसच्या वर आणि रात्रीचं नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त. ती नोंद वेगळी का ठेवावी लागते, याचं उत्तर नानांच्या घेरीत आहे. दिवसा शरीर उन्हाशी झगडतं आणि रात्री दम घेतं. रात्रही तापली तर तो दम मिळतच नाही. वय झालं की घाम कमी येतो, तहान लागल्याचं कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाची गती आवरून धरतात. या सगळ्याची बेरीज मध्यरात्री उठून उभं राहताना होते.

आता लेकीविषयी, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण तिचं वाक्य तुम्हाला लागलं आहे. "माझ्या पिढीच्या जिवावर." तिचा राग योग्य दिशेला आहे, पण पत्ता चुकला आहे. उष्णतेने कोण मरतं हे बघा. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सत्तर हजारांहून अधिक जास्तीचे मृत्यू झाले, त्यात एकट्या फ्रान्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास. बहुतेक म्हातारी माणसं, बरीचशी वरच्या मजल्यांवर एकटी राहणारी. आपल्या शेजारी अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेसाठीची कृती योजना आली, तशी दक्षिण आशियातली पहिलीच. म्हणजे हवामान बदलाने जीव जाणाऱ्यांची यादी केली तर त्यात तिच्या पिढीचं नाव पुढे कधीतरी येईल. नानांचं आजच आहे. ज्यांच्यासाठी ती भांडते त्यातले एक गृहस्थ तिच्याच घरात, जिना चढून गेल्यावर झोपलेले असतात. हे तिला टोमणा म्हणून सांगू नका. तिने नाना पडले तेव्हा त्यांना उचललं असेल, तर ती हे आतून जाणते.

तिच्याबरोबर बसून हिशेब मात्र करा. आकडे टाळले की भांडण भावनांचं होतं. ढोबळ हिशेब असा: एक टनाचा, पाच तारांकित, इन्व्हर्टर एसी तासाला पाऊण युनिटच्या आसपास खातो. रोज रात्री नऊ तास, एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पंचाहत्तर रात्री धरल्या तर पाचशेच्या आतबाहेर युनिट होतात. आपल्याकडे वीज तीन चतुर्थांश कोळशाची, एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे उन्हाळ्याचे साडेतीनशे किलो. एक लिटर पेट्रोल जाळलं की दोन किलो तीनशे ग्रॅम निघतो, त्या मानाने हे दीडशे लिटर पेट्रोल झालं. तुमची गाडी लग्नाकार्यासाठी इंदूर-पुणे-इंदूर दोनदा गेली की तेवढा धूर झाला. त्या फेऱ्यांच्या वेळी घरात पिढ्यांचा विषय निघाला होता का, हे मला माहीत नाही.

साडेतीनशे किलो म्हणजे अगदीच थोडे नाहीत. भारतीय माणसामागे वर्षाला सरासरी दोन टन पडतात, त्याचा सहावा हिस्सा झाला. अमेरिकन माणसामागे चौदा टन पडतात. आणि आजवर जगाने हवेत सोडलेल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडची मोजदाद केली तर अमेरिकेचा वाटा चौथ्या हिश्श्याजवळ, भारताचा तीन-चार टक्के. हे मी आपल्याला मोकळीक मिळावी म्हणून सांगत नाही. चैन आणि गरज यांत फरक करायला लेकीने शिकावं म्हणून सांगते. दिवाणखान्यात अठरावर एसी ठेवून अंगावर रजई घेणं ही चैन. दोनदा पडलेल्या ८४ वर्षांच्या माणसाची खोली रात्री सत्तावीसवर ठेवणं हे औषध. दोन्ही यंत्रं एकाच दुकानात मिळतात, एवढंच त्यांच्यात साम्य.

तुमच्या स्वतःच्या वाक्यावर मात्र मी हटकणार आहे. "आपण एकट्यांनी न लावून काय होणार?" ताई, हे वाक्य इंदूरकराने म्हणावं? दहा-बारा वर्षांपूर्वी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या बाईला शेजारणी हसायच्या, आणि त्यांचं चुकत नव्हतं. ती एकटी वेगळा करायची, पुढे गाडीत सगळा एकच व्हायचा. मग दारावर गाणं वाजवत पिवळी गाडी यायला लागली, वेगवेगळे कप्पे आले, दंड आला, आणि तोच एकटीचा वेडेपणा शहराची सवय झाली. २०१७ पासून सलग आठ वेळा आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो. फेब्रुवारी २०२२ पासून देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवण्याच्या क्षमतेचा कारखाना आहे, त्यावर शहरातल्या बसगाड्या चालतात. हाच ओला कचरा ढिगात कुजला असता तर मिथेन निघाला असता, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. तुम्ही रोज सकाळी दोन डबे घेऊन दारात उभ्या राहता ते हवामानाचंच काम करता, फक्त त्याला कुणी ते नाव दिलेलं नाही. एकट्याने काही होत नाही हे खरं. पण एकटा करत राहतो म्हणून गाडी दारात येते, हेही तुमच्याच गल्लीत घडलं आहे.

आता करायचं काय. माझ्या मते क्रम महत्त्वाचा आहे. घरोघरी उलट्या टोकापासून सुरुवात होते: आधी एसी, मग जमलं तर बाकीचं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. नानांना खाली आणायचा विचार. कदाचित झाला असेल आणि त्यांनी उडवून लावला असेल. वरच्या खोलीत सासूबाईंचा फोटो असेल, त्यांच्या वह्या असतील. पण कायमचं कोण म्हणतंय? जुन्या वाड्यांत माणसं ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवायची. उन्हाळ्यात माजघर, पावसाळ्यात पडवी, थंडीत उन्हाच्या खिडकीशी. एका खोलीला एकाच माणसाचं नाव चिकटवणं ही फ्लॅटनंतरची रीत. लेकीची खोली खाली आहे, उत्तरेला आहे, घरातली सर्वांत गार असणार. दोन महिने तिने आणि नानांनी खोल्या बदलल्या तर? तिला हे तुम्ही सुचवू नका, वहीतले आकडे तिच्यासमोर नुसते ठेवा. मुलगी प्रामाणिक वाटते, तिला आपोआप सुचेल. वरच्या खोलीत आठ रात्री काढल्यावर तिचं एसीबद्दलचं मत बदलेल किंवा बदलणारही नाही. तरुण शरीर सोसतं. पण जे मत होईल ते घामातून आलेलं असेल.

खोल्या बदला किंवा नका बदलू, गच्ची पांढरी करा. रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, झाली की पुढच्या रविवारी. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून, चुन्यात पांढरं सिमेंट आणि थोडं फेविकॉल कालवून दोन हात मारायचे. आयता परावर्तक रंगही बाजारात मिळतो, महाग पडतो पण जास्त टिकतो. पांढरा रंग ऊन परत फेकतो, स्लॅब ते पीतच नाही. खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडू शकतो. पावसात चुना धुपतो, दरवर्षी पुन्हा लावावा लागेल. घराची डागडुजी काढलीच तर पांढऱ्या चायना मोझॅकच्या तुकड्यांचा विचार करा. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून भागत नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून चटई, वाळ्याचा पडदा किंवा हिरवी जाळी बांधा. आणि चुना उरला तर तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांचं छप्पर कसलं आहे. पत्र्याचं असेल तर तो चुना तिथे तुमच्याहून जास्त कामाला येईल, आणि एसी की नको हा प्रश्न त्यांच्यापुढे नाहीच.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही मालकाला विचारून चुना मारावा. खर्च एका महिन्याच्या वाढीव बिलाएवढाही येत नाही.

कूलरला लोक उगाच कमी लेखतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, तो फार चांगलं काम करतो आणि एसीच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज खातो. खिडकी उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. बंद खोलीत कूलर लावून "चिकचिक होतं" म्हणणारे निम्मे लोक स्वतःच जबाबदार असतात. जूनच्या मध्यात हवा दमट झाली की मात्र तो हात टेकतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, वाळवून भरा, नाहीतर डासांचं माहेरघर. इंदुरात पाणी नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने घाटावर चढवलेलं. कूलरच्या पाण्यातही वीज आहे, हे लेक सांगेलच. आहे, पण फार थोडी.

हे सगळं करून वहीतला रात्री अकराचा आकडा बत्तीसच्या खाली येत नसेल, किंवा डॉक्टरांनीच ठाम सांगितलं असेल, तर एसी लावा, आणि मग मनात अपराधी भाव ठेवू नका. अपराधी भावाने वापरलेला एसी तेवढीच वीज खातो. तुमच्या यजमानांना सांगा की गच्ची पांढरी झाल्यावर एवढ्याशा खोलीला दीड टनाची गरज बहुधा पडणार नाही, एक टन पुरेल. सव्वीस-सत्तावीसवर ठेवून पंखा मंद चालू ठेवा. कारखान्यातून येताना २०२० पासून एसी चोवीसवर लावलेला असतो. तिथून वर नेलेल्या प्रत्येक अंशाला साधारण सहा टक्के वीज वाचते.

आणि गॅसकडे बघा. विजेच्या हिशेबात सगळे गॅस विसरतात, लेकही विसरली असावी. एसीत भरलेला वायू हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पट उष्णता अडवतो. जुन्या आर-२२ वायूचा हा गुणांक, म्हणजे किती पट ते, अठराशेच्या आसपास, आर-४१०ए चा दोन हजारांवर, आर-३२ चा पावणेसातशे. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, अगदी नगण्य. दुकानात हे नाव घेऊन विचारा. पंधरा-वीस वर्षांचा जुना एसी नातेवाइकाकडून फुकट मिळत असेल तर नको म्हणा. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" हे वाक्य ऐकलंत की समजा, गळती आहे; आधी ती दुरुस्त करून घ्या. भंगारात देताना नळी कापून गॅस हवेत सोडणाऱ्याला देऊ नका.

पैशांची सोय असेल तर गच्चीवर सौर पॅनेल बसवा. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आणखी एक फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही: पॅनेलची सावली स्लॅबवर पडते. एसी रात्री चालतो आणि पॅनेल दिवसा, म्हणजे रात्रीची वीज कोळशाचीच, असं लेक म्हणेल. बरोबर आहे तिचं. पण तुमची दिवसाची वीज तारेतून शेजाऱ्याच्या घरी जाईल, तेवढा कोळसा दुपारी कमी जळेल.

तिच्या रागाला याहून मोठं काम द्यायचं तर तेही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या महापालिकेने सामान्य माणसालाही घेता येतील असे २४४ कोटींचे हरित रोखे काढले, कशासाठी? जलूदला साठ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारून नर्मदेचं पाणी चढवणारे पंप त्यावर चालवण्यासाठी. एका एसीवरून आईशी अबोला धरण्यापेक्षा आपल्या वॉर्डात किती गच्च्या पांढऱ्या होऊ शकतात, रस्ता रुंद करताना कुठली झाडं जाणार आहेत, लावलेली रोपं तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत आहेत का, हे मोजायला तिच्यासारखी मुलगी हवी. जुलै २०२४ मध्ये आपल्या इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लावली गेली, विक्रम झाला. रोपाची सावली व्हायला वीस वर्षं लागतात, आणि त्यातली पहिली तीन पाणी घालण्यातच जातात.

डॉक्टरांकडे मार्चमध्येच एकदा नानांना घेऊन जा. उन्हाळ्यात गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा बदलायच्या का, दिवसाला पाणी किती, हे लिहून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर "भरपूर पाणी प्या" हा सरसकट सल्ला चुकीचा ठरतो. पन्हं, ताक चालतं का, मीठ किती, हेही तिथेच विचारा. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, माणूस ओळख विसरला, तर उकाड्यामुळे झालं असेल म्हणून सकाळची वाट बघू नका. अंगावर ओली चादर, पंखा, आणि लगेच १०८.

नानांना कसं सांगायचं, हा तुमचा खरा अडलेला घास. तुम्ही म्हातारे झालात असं सांगू नका. इंदूर बदललं असं सांगा. त्यांचा अभिमान शहराचा आहे, शरीराचा नाही, आणि शहराबद्दल तक्रार करायला कुठल्याही जुन्या इंदूरकराला आवडतं. पुरे तासभर बोलतील. त्या तासात कधीतरी ते स्वतःच म्हणतील की अंगावर गोधडी घ्यावी लागली अशी मे महिन्यातली शेवटची रात्र कधी होती ते आठवत नाही. तेव्हा मध्येच "बघा, मी म्हणत होते ना" म्हणू नका. चहा टाका.

थर्मामीटर पलंगाच्या उंचीवर टांगा. पंख्याखाली नको, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तर अजिबात नको, ती भिंत रात्री बारापर्यंत तापलेलीच असते. पहाटे तीनला उठून आकडा कोण लिहिणार, यावरून घरात वाद होईल. होऊ देऊ नका. माझा अंदाज आहे, त्या वेळी नाना जागेच असतात.